टाळ्यांत मंजूर झालेला टॉवरचा कायदा

युवा संसदेत मी गेले ती भाषणाच्या आवडीने नव्हे. चार माणसांसमोर उभं राहायचं म्हटलं की माझ्या घशाला अजूनही कोरड पडते. पण त्या वर्षी संसदेत मांडायचं विधेयक होतं विमानतळांच्या टॉवरचं, म्हणजे तिथलं जुनं तंत्रज्ञान बदलून नवं आणण्याचं. आणि जगात मला थोडंफार कळतं अशा ज्या एक-दोन गोष्टी आहेत, त्यांतली ही एक आहे असं मला तेव्हा वाटत होतं.

आमचं गाव देगलूरच्या बाजूला. घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. नांदेडला बीएस्सीला आले, फिजिक्स घेतलं, होस्टेलवर राहिले. होस्टेलच्या गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलं की कधीकधी विमान इतक्या खालून जायचं की पोटाखालची चाकं दिसायची. गावाकडे विमान म्हणजे आभाळातली पांढरी रेघ. इथे ते उतरताना दिसत होतं आणि मला प्रश्न पडायचा, की याला कोण सांगतं, आता ये म्हणून? एकदा धीर करून फिजिक्सच्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, टॉवरमध्ये माणसं बसतात, ती सांगतात. त्याची देशपातळीवर परीक्षा असते आणि फिजिक्स-मॅथ्स घेऊन बीएस्सी झालेल्यांना ती देता येते. एवढं सांगून मॅडम तासाला गेल्या. मी मात्र तिथेच उभी राहिले. आपण जे करतोय त्यातून असं काही होता येतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्यानंतर सुटीच्या दिवशी मी उगाच विमानतळाच्या भिंतीकडच्या रस्त्याने चालून यायचे. भिंतीवरून टॉवरच्या काचा दिसायच्या. आत कोण आहे ते दिसायचं नाही.

घरी सांगितलं तेव्हा आईने हात झटकले. "हिला इमानाचं खूळ लागलंय," ती म्हणाली. बाबा इतक्या लवकर बोलत नाहीत. त्यांच्या मनात बीएड होतं. बीएड झालं की जवळपासच्या एखाद्या शाळेत लागायचं, घरून जाऊन-येऊन नोकरी करायची. मास्तर आणि मास्तरीण या माणसांबद्दल बाबांना फार आदर होता. ते स्वतः सातवीनंतर शाळेत गेले नाहीत, पण रस्त्यात गुरुजी दिसले तर आजही गाडीवरून उतरतात. मी म्हणत होते, पदवीनंतर एक वर्ष द्या, पुण्यात राहून टॉवरच्या परीक्षेची तयारी करते. बऱ्याच दिवसांनी बाबा फोनवर म्हणाले, "इमानाला बोलायचं म्हणतीस. हजेरीला तरी तुझा आवाज निघतो का?"

मी युवा संसदेच्या स्पर्धेचं सांगितलं. लातूरला आहे, मोठ्या हॉलमध्ये आहे, आणि टॉवरच्याच कायद्यावर आहे.

"बोलणार तू?"

"हाव."

"मग मी येतो ऐकाया. चार माणसांत तुला बोलताना बघतो एकदा. मग ठरवू. न्हाई तर बीएडचं काय ते बघ."

असं ते ठरलं. माझं एक वर्ष त्या भाषणावर अवलंबून होतं आणि भाषण होतं जेमतेम दोन-तीन मिनिटांचं.

आमच्या कॉलेजची युवा संसद राज्यशास्त्राचे एक सर बसवत. 'बसवत' हाच शब्द बरोबर आहे, नाटक बसवतात तसा. त्यांच्या केबिनमधलं काचेचं कपाट ट्रॉफ्यांनी भरलेलं होतं आणि प्रत्येक ट्रॉफीमागे तीच एक संसद होती. विषय बदलायचा, संसद तीच. पंतप्रधान उंच मुलगा, जाकीट घालणारा. विरोधी पक्षनेता जाड आवाजाचा. एक मार्शल. सभात्याग करणारी एक टोळी. प्रत्येक भाषणाच्या शेवटी एक शेर. आणि एक महिला सदस्य, जी रडते. पाण्याचं विधेयक होतं तेव्हा ती रडली, बियाण्यांचं होतं तेव्हा रडली, एकदा म्हणे सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणावरही रडली आणि त्या वर्षी उत्कृष्ट सदस्याचं बक्षीस तिलाच मिळालं.

सरांनी मला आधी रडायलाच सांगितलं.

"सर, टॉवरवर कशाला रडायचं?"

"अगं, भाऊ गेला म्हणायचं विमानात. सभागृह हलतं."

"मला भाऊ नाही सर."

"संसदेत असतो," सर म्हणाले.

मी भीतभीत नाही म्हटलं. ते रागावले नाहीत, त्यांनी ते काम दुसऱ्या मुलीला दिलं, आणि तिने त्याच दिवशी इतकं सुरेख रडून दाखवलं की बघणाऱ्या मुलांनी बाकं बडवली.

विषय टॉवरचाच का, याचंही कारण कळलं. लातूरच्या यजमान संस्थेचे अध्यक्ष कुठल्याशा छोट्या शहरात एका लग्नाला निघाले होते. धुक्यामुळे त्यांचं विमान दुसऱ्याच गावी उतरवलं. अक्षता पडल्यावर ते पोचले. तेव्हापासून टॉवरवाल्यांना काही दिसत नाही, असं त्यांचं मत झालं. देशात विमानांचा इंग्रजांच्या काळातला कायदा जाऊन नवा आला, याच्याशी आमच्या विधेयकाचा काहीही संबंध नव्हता. संबंध होता तो त्या हुकलेल्या लग्नाशी.

विधेयकाचा मसुदा यजमान कॉलेजने पाठवला होता. पहिलं पान आपल्या महान देशाच्या विशाल आकाशाबद्दल होतं. दुसऱ्या पानावर प्राचीन काळीही आपल्याकडे विमानं कशी होती ते होतं. कामाचं कलम होतं शेवटी, आणि तिथपर्यंत आमच्या संसदेतला कुणी गेला नव्हता. त्यात लिहिलं होतं, जिथे विमानांची ये-जा कमी आहे अशा ठिकाणचे टॉवर बंद करावेत, तिथे कॅमेरे लावावेत आणि मोठ्या शहरात पडद्यासमोर बसून तिथून विमानं उतरवावीत.

हे कलम म्हणजे आम्हीच. आमच्याकडची विमानतळं ती असलीच. पण ते कलम वाचून मला राग आला नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. दुसऱ्या देशांत असं करतात हे मी वाचलं होतं. कॅमेऱ्याला अंधारात माणसापेक्षा बरं दिसू शकतं. मला एवढंच वाटलं, की आमच्याकडचा उन्हाळा कॅमेऱ्याला माहीत नाही. वैशाखात दुपारी डांबरावरची हवा अशी थरथरते की पलीकडचं जनावर पाण्यात उभं असल्यासारखं दिसतं. वळवाच्या आधीची वावटळ आली की घराच्या बंद खिडकीतूनही धूळ आत येते, मग कॅमेऱ्याच्या काचेचं काय? थंडीत गोदावरीच्या बाजूला सकाळी धुकं. म्हणून मी एक दुरुस्ती लिहिली. कॅमेरे लावावेत, पण उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असं सबंध एक वर्ष टॉवर आणि कॅमेरे दोन्ही बरोबर चालवून बघावेत. दोन्हीकडे सारखंच दिसतं अशी खात्री झाल्याशिवाय टॉवरमधली माणसं खाली उतरवू नयेत.

सरांनी ती उभ्याउभ्या वाचली.

"चांगली आहे," ते म्हणाले. "पण यात टाळी कुठंय?"

त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

"बघ, 'उन्हाळा, पावसाळा, हिवाळा' इथं लोकांना वाटतं आता टाळी येणार. आणि तू लगेच 'खात्री' म्हणतेस. खात्रीला कोण टाळी देतं?"

तरी त्यांनी ती ठेवली, कारण परीक्षकांच्या गुणांमध्ये दुरुस्तीलाही गुण होते आणि आजवर आमच्या संसदेत कुणी दुरुस्ती मांडलीच नव्हती. मला विरोधी बाकावर दुसऱ्या ओळीत बसवलं.

लातूरला आम्ही क्रूझरने गेलो. मुलं मागे, मुली मध्ये, सर पुढे ड्रायव्हरशेजारी. अहमदपूरला चहाला थांबलो तेव्हा पंतप्रधान माझ्याजवळ आला. विधेयक तोच मांडणार होता. त्याचं जाकीट त्याने हँगरला लावून गाडीत टांगलं होतं.

"ए, एक सांग ना," तो म्हणाला. "टॉवरमध्ये नेमकं काय करून राहिलेत लोकं?"

मी सांगितलं. धावपट्टी मोकळी आहे का बघतात, वारा कुठून आहे ते सांगतात, कुणी आधी उतरायचं आणि कुणी थांबायचं ते ठरवतात.

"एवढंच? मग एक ॲप काढलं तरी होतंय की."

मला वाटलं तो थट्टा करतोय. तो थट्टा करत नव्हता. चाकूर येईपर्यंत त्याने ते आपल्या भाषणात घातलं होतं, आणि लातूरला पोचल्यावर त्या एका वाक्याला त्या दिवसातली सगळ्यांत मोठी टाळी मिळाली.

हॉलबाहेर मोठा फलक होता. त्यावर कार्यक्रमाच्या प्रमुख पाहुण्यांचा फोटो कमरेपासून वर, आणि त्यांच्या खांद्यामागे, कानाच्या उंचीचा, कुठल्यातरी परदेशातला टॉवर. बाबा फलकाखालीच उभे होते. पहाटेच्या एसटीने निघून उदगीरवरून आले होते. पांढरा शर्ट, हातात पिशवी. पिशवीत आईने माझ्यासाठी धपाटे दिले होते. पंतप्रधानाने त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांना स्वयंसेवक समजून विचारलं, "काका, वॉशरूम कुठंय?" बाबांनी इकडेतिकडे पाहून त्याला बरोबर दाखवलंही.

आत जाताना बाबा म्हणाले, "तुमचं कॉलेज कोणाच्या बाजूनं हाय?"

"दोन्ही बाजूंनी. सरकार पण आमचंच, विरोधक पण आमचेच."

"मग भांडण कशाचं?"

मी म्हटलं, "तसा नियम आहे बाबा. एका कॉलेजची एक संसद."

"आन दोघांचं बोलणं लिवलं कोणी?"

"सरांनी."

बाबा मागच्या रांगेत जाऊन बसले.

आमची संसद सुरू झाली. सगळं कपाटातल्या ट्रॉफ्यांसारखंच होतं. पंतप्रधान उभा राहिला, जाकिटाची बटणं नीट केली आणि आकाशाबद्दल बोलला. विरोधी पक्षनेत्याने त्याच आकाशाबद्दल जाड आवाजात उलट बोलून दाखवलं. एक शेर इकडून, एक शेर तिकडून. दोघांनी मिळून बराच वेळ आरोप केले, आणि त्यांत टॉवर हा शब्द असा यायचा की त्या जागी तलाव, धरण किंवा गोठा घातला असता तरी चाललं असतं. मी मागे वळून बाबांकडे बघत होते. ते पुढे वाकून ऐकत होते. एखाद्या ठिकाणी आपल्याला कळेना झालं तर चूक आपलीच आहे, असं समजून माणूस ऐकतो, तसे.

मग अध्यक्ष झालेल्या मुलीने माझं नाव घेतलं. मी उभी राहिले. पाठ चोख होतं, आणि ते नुसतं पाठ नव्हतं, ते मला खरंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, "माननीय अध्यक्ष महोदया, कलम—"

तेवढ्यात पाहुणे आले.

आमच्याकडे पाहुणे येतात तेव्हा जगातलं बाकी सगळं थांबतं. वर्ग थांबतो, परीक्षेचा पेपर थांबलेला मी बघितला आहे. संसद थांबायला काय हरकत? सूत्रसंचालकांनी अध्यक्ष मुलीच्या हातातला माइक काढून घेतला आणि ज्या क्षणाची आपण सर्वजण आतुरतेने वाट पाहत होतो तो क्षण आला असल्याचं सांगितलं. सगळा हॉल उभा राहिला. सत्ताधारी उभे राहिले, विरोधक उभे राहिले, दोघांनी मिळून बाकं बडवली. मार्शल धावत जाऊन पाहुण्यांची वाट मोकळी करू लागला. त्या दिवसात त्याने केलेलं ते एकच खरं काम. मागे बाबाही उभे राहिले असणार, कारण मला ते दिसेनासे झाले. मधे नुसती डोकी.

मग सत्कार. आधी पाहुण्यांना फेटा बांधायचा होता आणि फेटा बांधणारा माणूस चहाला गेला होता. तो येईपर्यंत सूत्रसंचालकांनी पाहुण्यांचा परिचय दोनदा दिला. शाल झाली, बुके झाले. प्रत्येक कॉलेजच्या सरांनी वेगळा सत्कार केला. आमचे सर फोटोसाठी दोनदा गेले, कारण पहिल्यांदा फोटोग्राफरचं लक्ष नव्हतं. मी उभीच होते. मला बसा असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि अध्यक्षांच्या परवानगीशिवाय सदस्याने बसायचं नसतं असं मी नियमांत वाचलं होतं. ते नियम पाळणारी त्या सभागृहात बहुधा मी एकटीच होते. शेजारची मुलगी खालून माझी ओढणी ओढत म्हणाली, "बस ना गं, वेडी."

पाहुणे बोलले. आपण विमानाने किती फिरतो ते सांगितलं. खिडकीची जागा आपल्याला आवडत नाही, हे सांगितलं. टॉवर-बिवर नंतर, आधी आपली मनं उंच झाली पाहिजेत, असं ते म्हणाले तेव्हा पुन्हा बाकं वाजली. मग घड्याळाकडे बघून त्यांनी हसत सांगितलं की निलंग्याला एका लग्नाला जायचं आहे, पण हा कायदा पास झालेला बघूनच जातो.

आमच्या सरांनी पडद्याजवळून अध्यक्ष मुलीला हाताने गोल खूण केली. गुंडाळ.

ती हुशार मुलगी होती. एका श्वासात म्हणाली, "सन्माननीय सदस्यांनी दुरुस्ती मांडली आहे असे समजण्यात येत आहे. आता जे अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे."

मी तोंड उघडलं होतं ते तसंच राहिलं.

पाठांतराप्रमाणे इथे सत्ताधाऱ्यांनी 'होय' म्हणायचं, विरोधकांनी त्याहून मोठ्याने 'नाही' म्हणायचं, मग 'मंजूर' हा शब्द आला की टोळीने धिक्काराच्या घोषणा देत सभात्याग करायचा. पण मंचावर बसलेल्या पाहुण्यांना ते माहीत नव्हतं. त्यांनी मोठ्या मनाने हात वर केला, फेटा सावरला आणि स्वतःच म्हणाले, "होय! होय!" आणि टाळ्या वाजवायला लागले.

आता पाहुणे 'होय' म्हणतायत तर 'नाही' कोण म्हणणार? आमच्या विरोधी पक्षनेत्याने सरांकडे पाहिलं. सर टाळ्या वाजवत होते. तेव्हा त्या जाड आवाजाच्या मुलाने, ज्याने थोड्या वेळापूर्वी हे सरकार उलथून टाकायची भाषा केली होती, अंग सैल सोडून 'होय' म्हटलं. त्याच्यामागे सगळा विरोधी बाक म्हणाला. रडणाऱ्या मुलीला रडायची वेळ मिळाली नव्हती, म्हणून तिने आत्ताच सुरू केलं, आणि ती रडत रडत 'होय' म्हणाली. 'मंजूर' असं ऐकू आल्याबरोबर दाराजवळची टोळी, जिने स्वतः 'होय' म्हटलं होतं, 'धिक्कार असो' ओरडत बाहेर गेली. कुणी त्यांना थांबवलं नाही. पाहुण्यांना ते फार आवडलं.

मी अध्यक्ष मुलीला नंतर विचारलं, "होय झालं ते कशाला? दुरुस्तीला की विधेयकाला?"

"काय माहीत बाई," ती म्हणाली. "पास झालं ना?"

म्हणजे टॉवर बंद झाले की राहिले, हेच कुणाला सांगता येत नव्हतं. आणि परीक्षकांनी आम्हाला पहिलं बक्षीस दिलं. सभागृहातल्या एकमताचं त्यांनी खास कौतुक केलं.

बाहेर सर ट्रॉफी काखेत घेऊन उभे होते. बाबा आले तेव्हा त्यांनी स्वतः होऊन हात जोडले. "तुमची मुलगी फार छान बोलली."

बाबांनी नमस्कार केला. मग विचारलं, "कवा?"

"अं?"

"कवा बोलली, सर? मी पहिल्यापसून हितंच हाव."

"अहो, दुरुस्ती मांडली ना तिने. म्हणजे मांडली असं समजतात. संसदेत चालतं ते."

"बरं," बाबा म्हणाले. गुरुजींशी बोलताना ते मान थोडी खाली घालतात. त्या वेळी त्यांची मान सरळ होती, आणि ते सरांकडे, बैलबाजारात दात घासून वय लपवलेल्या जनावराकडे बघावं तसे बघत होते.

मी सरांची परवानगी घेऊन बाबांना सोडायला एसटी स्टँडवर गेले. ऑटोत मला वाटलं, संपलं. बीएड. मी बोलले नाही ही गोष्ट खरीच होती. का बोलले नाही ते सांगितलं असतं, तर सबब सांगितल्यासारखं झालं असतं.

देगलूरकडची गाडी लागायची होती. आम्ही बाकावर बसलो. बाबांनी पिशवीतून धपाटे काढले, एक मला दिला.

"तू उभी होतीस का तवर?" त्यांनी विचारलं.

"हाव."

"मला वाटलं बसली आसशील. दिसंना." मग आपला धपाटा मोडत म्हणाले, "मी दोघा-तिघा पोरांना विचारलं बाहेर. काय पास केलंत रं? एक म्हणला, इमानाचं. एक म्हणला, पाव्हण्याला विचारा. तो जाकिटवाला म्हणला, काका, वरून आलाय विषय. कोणालाच सांगता येईना. काय होतं त्यात?"

मी सांगायला लागले. आधी हळू, कारण स्टँडवरच्या भोंग्यातून गाड्यांची नावं येत होती. मग बाबा "आँ?" करायला लागले म्हणून मोठ्याने. कॅमेरे, पडदा, मोठ्या शहरातून उतरवायचं, वावटळ, धूळ, वर्षभर दोन्ही चालवून बघायचं. पलीकडे केळ्यांची पाटी मांडीवर घेऊन बसलेली बाई आमच्याकडे वळून ऐकत होती.

बाबांनी मला मधेच अडवलं. "थांब. म्हंजी तिथला माणूस काढायचा?"

"टॉवरमधून काढायचा. पण पडद्यासमोर माणूस लागतोच. यंत्र नुसतं दाखवतं, ठरवायचं माणसाने."

"आज ठरवतोय. उद्या तो बी काढतील. आज कसं टाळ्या वाजवून पास केलं, तसं खऱ्या संसदेत करत न्हाईत कशावरून? मग तू त्या परीक्षेला बसून काय करशील?"

त्या दिवसभरात त्या विधेयकावर कुणी विचारलेला हा पहिला प्रश्न होता. मला उत्तर पाठ नव्हतं. मी म्हणाले की मला माहीत नाही, काढतीलही. पण कॅमेऱ्यात दिसतंय ते खरं आहे की उन्हाची थरथर आहे, हे ओळखायला ती थरथर बघितलेलं कुणीतरी तिथे पाहिजे. नसलं तर ते जास्त वाईट. म्हणूनच मला जायचं आहे.

"धूळ बसली तर कोण पुसंल?" केळीवाल्या बाईने विचारलं.

"तेच लिहिलं होतं मावशी," मी म्हणाले. "वर्षभर बघायचं, कोण पुसतंय ते."

"हाव, मग बराबर हाय की," ती म्हणाली आणि केळी झाकून घेतली.

बाबांचा धपाट्याचा तुकडा हातातच होता. मला वाटलं, आता म्हणतील, बोलता येतं की तुला. मनातून मी त्याचीच वाट बघत होते. पण ते तसं म्हणाले नाहीत.

"तो तुमचा सर," ते म्हणाले, "मास्तरच हाय ना?"

"हाव. प्राध्यापक."

"बीएड-बिएड झालं आसंल त्याचं."

"त्याहून जास्त झालंय."

"एवढं शिकून ह्ये करतो? लेकरांना दोन्हीकडून लिवून देतो, रडायला लावतो, आन पाव्हण्यानं मान हलवली की आपण बी हलवतो." ते थुंकले नाहीत, बाबा कुठेही थुंकत नाहीत, पण तोंड तसंच झालं होतं. "आन मी म्हणत होतो, तू बी मास्तरीण हो."

मी म्हणाले, "सगळे तसे नसतात बाबा. आमच्या फिजिक्सच्या मॅडम चांगल्या आहेत."

"आसतील. पण तुला त्या खात्यात घालायचं मन न्हाई राहिलं माझं."

तेव्हा भोंग्यातून उदगीर-देगलूरचं नाव आलं. लोक पळाले. बाबा पिशवी घेऊन उठले आणि गाडीच्या दारात, मागून लोक ढकलत असताना, माझ्याकडे वळले.

"एक वर्ष दिलं. जा पुण्याला. आईला मी सांगतो." मग पायरीवर एक पाय ठेवून त्यांनी विचारलं, "त्या टावरात पाव्हणे येतात का गं?"

"नाही. आत कुणालाच सोडत नाहीत."

"मग जा," बाबा म्हणाले आणि जागा धरायला आत शिरले.